भिंतीवरची जुनी मुखपृष्ठे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. सभासद भगिनींच्या आग्रहावरून येथे दिले आहे.)



चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याचा माझ्यावर हा पहिलाच प्रसंग. मंडळात माझे काम ठरलेले आहे. हळदीकुंकवाला सतरंज्या घालणे, भाजणीचा अंदाज सांगणे, सहलीला निघताना माणसे मोजून गाडीत बसवणे. भाषणे करणाऱ्या बायका वेगळ्या. आम्ही टाळ्या वाजवणाऱ्या. शिवाय शिक्षण सातवीपर्यंत. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावची शाळाच सातवीपर्यंत होती. शाळा संपली तिथे शिक्षणही संपले. तेव्हा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

मग आज मी उभी का राहिले? त्याचे असे झाले. गेल्या महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीत एक सूचना आली. मंडळाच्या खोलीला नुकताच रंग दिला आहे, भिंती मोकळ्या दिसतात. तर जुन्या दिवाळी अंकांची आणि मासिकांची मुखपृष्ठे कापून, चौकटीत बसवून त्या भिंतींवर लावावी. आणि त्याच चित्रांच्या रंगीत प्रती काढून दिवाळीच्या फराळविक्रीत ठेवाव्या, म्हणजे निधीलाही हातभार लागेल. सूचना सगळ्यांना आवडली. मलाही आवडली. पण माझ्या तोंडून एकदम निघून गेले, "कापू नका हो! आधी माझे ऐका." अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "मग सभेतच सांगा." आता सांगणे आले.

पहिल्याने हे कबूल करते की चित्रांविषयी मला पुस्तकी ज्ञान काही नाही. जे थोडे कळले ते वाचनालयातून अंक आणून, आणि थोडे स्वतःचे हात पोळून.

भिंतीवर चित्र असावे ही हौस आपल्या बायकांना आजची नाही. पूर्वी रंगवलेले चित्र राजेरजवाड्यांच्या नाहीतर सावकारांच्या घरी. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि त्या छापखान्यातून लक्ष्मी, सरस्वती, दमयंती अशी चित्रे साध्या माणसांच्या ओटीवर आली. ती दगडावरून छापत. एकेका रंगाला वेगळा दगड. आपल्यापैकी कित्येकींच्या आजोळी त्यातली एखादी तसबीर असेल. काचेवर धुराचा थर, चौकटीच्या मागे चिमणीचे घरटे.

माझ्या माहेरी भिंती मातीच्या होत्या. ओटीवर रामपंचायतनाची एक तसबीर, शेजारी दुकानदाराने दिलेले कॅलेंडर, आणि स्वैपाकघराच्या दारामागे कुठल्याशा मासिकाचे मुखपृष्ठ तांदळाच्या खळीने डकवलेले. त्यावर एक बाई हातात परडी घेऊन उभी होती. कसर लागून तिचा एक डोळा गेला होता. तरी भाकऱ्या थापताना मी तिच्याकडेच बघत असे. माझ्या आईला मासिक वाचायला येत नव्हते. पण चित्र कळत होते. मला वाटते, मासिकाच्या मुखपृष्ठाचे मोठे पुण्य हेच. जिला अक्षर येत नाही तिच्याही घरात ते जाते.

ही मुखपृष्ठे आली कुठून, तेही थोडक्यात सांगते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक तोच मानतात. पुढे १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि १९३० साली खास आपल्या बायकांसाठी 'स्त्री'. त्यांचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकला शिकलेले. त्यामुळे मासिकाचे पहिले पान कसे असावे याची त्यांना दृष्टी होती. मग आले दीनानाथ दलाल. हे गोव्यातल्या मडगावचे. १९४५ साली त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. दुसरे रघुवीर मुळगावकर, तेही गोव्याचेच. देवादिकांची त्यांची कॅलेंडरे घरोघर लागली, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही त्यांनी केली. एकाच माणसाच्या हातून देवघरातला विष्णू आणि उशीखाली लपवून वाचायचा झुंजार! मला याची मोठी गंमत वाटते.

त्या काळी ही चित्रे ठशांवरून छापत. पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे चार ठसे एकावर एक उमटवले की बाकीचे सारे रंग तयार होत. घरी भिंग असेल तर जुन्या मुखपृष्ठावर धरून बघा. गालावरची लाली म्हणजे नुसते बारीक ठिपके. एखादा ठसा केसभर सरकला की ओठांचा रंग ओठांबाहेर जाई. असे थोडे चुकलेले चित्र मला जास्त आवडते. पोळीसुद्धा अगदी कंपासाने काढल्यासारखी गोल असली की ती घरची वाटत नाही, तसेच.

आता माझ्या घरची गोष्ट.

माझे लग्न २००१ साली झाले. मामंजी त्याआधी तीन वर्षे वारले होते. मी त्यांना पाहिलेले नाही. ते एस. टी.त कंडक्टर होते. दर दिवाळीला ते स्टँडवरच्या स्टॉलवरून एक अंक घेऊन येत. एकच; पगार बेताचा होता. १९६३ साली सासूबाईंचे लग्न झाले, त्या दिवाळीपासून ते १९९७ पर्यंत एकही साल चुकले नाही. पस्तीस अंक. ते सगळे एका पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून, सासूबाईंनी माळ्यावर ठेवले होते. २६ जुलै २००५ चा पूर तुम्हा सगळ्यांना आठवतो. तेव्हा आमच्या घरात पाणी आले, पण ट्रंक माळ्यावर होती म्हणून अंकांना थेंबही लागला नाही.

२०१८ साली गणपतीपूर्वी आम्ही घराला रंग काढला. त्याच सुमारास पुण्याला नणंदेकडे गेले होते. तिच्या बैठकीच्या खोलीत एका जुन्या मासिकाचे मुखपृष्ठ सुंदर चौकटीत लावलेले. माझे मन तिथेच अडकले. घरी आले, ट्रंक माळ्यावरून खाली काढली, आणि सासूबाई देवळात गेल्या असताना दाढीच्या ब्लेडने पाच अंकांची मुखपृष्ठे कापून काढली. विचारले नाही. विचारले असते तर त्या नाही म्हणाल्या असत्या, हे मला ठाऊक होते; म्हणूनच विचारले नाही. खोटे कशाला बोलू?

पाचांतली दोन दलालांची होती. एकावर नऊवारी नेसलेली बाई, हातात निरांजन, आणि त्याचा उजेड खालून तिच्या हनुवटीवर पडलेला. फ्रेमवाल्याकडे दिली. चौथ्या दिवशी पाचही तसबिरी तयार होऊन आल्या. ह्यांनी स्टुलावर चढून खिळे ठोकले. आमचे हे उंच, आणि तसबीर उंचावर टांगायची अशी आमच्याकडे जुनी पद्धत. दाराच्या चौकटीच्याही वर लावल्या. नव्या रंगावर अशा काही शोभल्या म्हणता! मी सासूबाईंना हात धरून आणले.

त्यांनी एकेक तसबीर पाहिली. काही बोलल्या नाहीत. रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "अगं, मागे काय आहे ते पाहिलंस का?"

मी पाहिले नव्हते.

मागे केसांच्या तेलाची नाहीतर साबणाची जाहिरात असणार, दुसरे काय, असे मी धरून चालले होते. जाहिरातच होती. पण त्या जाहिरातीच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर मामंजी दरसाल पेन्सिलीने एक ओळ लिहीत. त्या वर्षी घरात काय झाले त्याची. रोजनिशी लिहिण्याइतकी सवड नव्हती आणि वहीही नव्हती. वर्षाची एक ओळ, अंकाच्या मुखपृष्ठाच्या आत. लिहून झाले की अंक सासूबाईंच्या हातात देत. ही त्यांची पाडव्याची ओवाळणी.

मी तडक फ्रेमवाल्याकडे गेले. त्याने चौकटी उघडल्या. चार मुखपृष्ठे चिकटपट्टीने अडकवलेली होती, ती सुटली. पाचवे, तेच ते निरांजनाचे, मध्ये फुगत होते म्हणून त्याने पांढरा गोंद फासून पुठ्ठ्यावर कायमचे बसवले होते. मी रागावले, तर तो बिचारा म्हणाला, "बाई, चित्र पुढच्या बाजूला असते. मागची बाजू कोण बघतो?" त्याचे काय चुकले? मागची बाजू मी तरी कुठे पाहिली होती? ते चित्र १९६३ सालचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचे.

पुढे वाचनालयातल्या पुस्तकबांधणीवाल्याला ते दाखवले. तो म्हणाला, खळीने चिकटवलेला कागद पाण्याने सुटतो. हा गोंद वाळला की सुटत नाही. ओढाल तर चित्रही जाईल आणि अक्षरही. आहे तसे राहू द्या.

बाकीच्या चारांवरच्या ओळी तुम्हाला वाचून दाखवते. सासूबाईंची परवानगी घेतली आहे; आता मी विचारते.

१९६५ साली लिहिले आहे, "शास्त्रीजींनी सांगितल्यापासून सोमवारी रात्री चूल बंद. अंक मात्र घेतला." १९६८ साली, "भूकंपाला वर्ष होत आले. माजघरातली चीर अजून बुजवायची आहे." हा कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ चा. १९६९ साली, "घरात वीज आली. हिने पहिल्या रात्री दिवा मालवू दिला नाही." आणि १९७२ साली, "थोरल्याला गोवर येऊन गेला. बाकी सर्व ठीक." तो थोरला म्हणजे आमच्याच घरातले मोठे भावजी, आज साठीला आलेले.

ज्या सासऱ्यांना मी पाहिले नाही, त्यांची ओळख मला या चार ओळींनी झाली. तेव्हा मी मनाशी ठरवले की उरलेल्या तीस अंकांतल्या ओळी सवडीने वहीत उतरून घ्यायच्या. भगिनींनो, "सवडीने" हा शब्द आपल्या बायकांच्या तोंडी फार. सवड काही आली नाही. आणि ट्रंकही मी परत माळ्यावर चढवली नाही. जड आहे, कोणीतरी पुरुषमाणूस घरी असला की चढवू, म्हणून पलंगाखाली सरकवून ठेवली ती ठेवली.

२२ जुलै २०२१ ची सकाळ मी सांगायला नको. आषाढी होऊन दोनच दिवस झाले होते. वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले तेव्हा आम्ही सासूबाईंना उचलून शेजारच्या माडीवर नेले. सोबत घेतली त्यांची औषधे, देव, आणि कागदपत्रांची पिशवी. पाणी ओसरल्यावर घरात आलो तर छातीपर्यंत चिखलाची रेघ. पलंग उलटा, फ्रिज आडवा, आणि ट्रंक चिखलाने भरलेली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण आपल्या गावाला पाण्याचे भय कायमचे आहे. पुस्तक भिजले तर ते ओले असतानाच पाने हलक्या हाताने सुटी करावी, मध्ये कोरे टीपकागद नाहीतर जुने सुती कापड घालावे, आणि पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावे. कडक उन्हात टाकू नये. साधा कागद असा पुष्कळदा वाचतो. पण गुळगुळीत, चकाकणारा कागद असतो त्याच्यावर मातीचा लेप असतो. तो भिजून एकमेकांवर वाळला की पाने कायमची चिकटतात आणि पुस्तकाची वीट होते. आम्हाला हे ठाऊक नव्हते. आम्ही आधी धान्य बघितले, गॅस बघितला, गाद्या बाहेर काढल्या. आठव्या दिवशी ट्रंक उघडली. तीस अंकांच्या विटा झाल्या होत्या. नेमकी मुखपृष्ठेच त्या गुळगुळीत कागदाची. गावात चिखल उचलणाऱ्या गाड्या फिरत होत्या, त्यातल्या एकीत त्या गेल्या.

आणि भिंतीवर, चिखलाच्या रेघेच्या वर, पाच तसबिरी जशाच्या तशा.

मी खाली मान घालून उभी होते. सासूबाईंनी बराच वेळ वर पाहिले, आणि म्हणाल्या, "तू कापलीस म्हणून एवढी तरी राहिली."

असे त्या म्हणाल्या खऱ्या. पण भगिनींनो, यावरून कापण्याला माझी संमती आहे असे कोणी समजू नये. हा त्यांचा मोठेपणा. माझा हिशेब मला ठाऊक आहे. ट्रंक मी खाली काढली नसती तर पस्तीसच्या पस्तीस वाचले असते, २००५ साली वाचले तसे. आणि खाली काढलीच होती, तर एका दुपारी प्रत्येक अंक उघडून मोबाईलवर नुसते फोटो काढले असते तरी तीस ओळी आज आपल्या हातात असत्या. फोन माझ्या कमरेला होता. त्या तीन वर्षांत मी त्याच्यावर रांगोळ्यांचे किती फोटो काढले असतील, त्याला गणती नाही.

आता मंडळाच्या सूचनेकडे येते. मला जे कळले ते सांगते. मग तुम्ही ठरवा.

पहिली गोष्ट, अंक धड असेल तर त्याचे मुखपृष्ठ कापू नये. सासूबाई म्हणतात, "अंगावरचं लुगडं काढून दोरीवर टांगलं म्हणजे त्यात बाई राहत नाही." मुखपृष्ठाच्या आत गोष्टी असतात, कविता असतात, आणि कधी कोणाचे हस्ताक्षर असते. शिवाय 'आवाज'सारख्या अंकात खिडकीची चित्रे असतात. एका पानाला खिडकी आणि तिच्यातून दिसते मागच्या पानावरचे चित्र. त्यातले एकच पान काढले तर हाती राहील एक भोक! तेव्हा अंक अखंड ठेवावा, मुखपृष्ठाची चांगली रंगीत प्रत काढावी, आणि ती चौकटीत घालावी. लांबून कोणाला फरक कळत नाही. रद्दीवाल्याकडे आधीच सुटे झालेले, फाटलेले मुखपृष्ठ मिळाले तर ते खुशाल मूळचेच लावावे; त्याला आपण आसराच देतो.

दुसरी गोष्ट, कुठलाही कागद चौकटीत घालण्यापूर्वी त्याची मागची बाजू बघावी आणि तिचा फोटो काढावा. यावर मी अधिक बोलत नाही.

तिसरी, फ्रेमवाल्याला नीट बजावून सांगावे. गोंद नको. चिकटपट्टीही नको, ती काही वर्षांनी पिवळी पडते आणि तिचा डाग कागदात उतरतो. पातळ कागदाच्या दोन लहान पट्ट्या, खळीने, फक्त वरच्या कडेला लावाव्या, म्हणजे चित्र लोंबते राहते आणि हवे तेव्हा सुटते. काच चित्राला टेकता कामा नये. आपल्याकडच्या पावसात काचेला आतून दमट धरते आणि कागद काचेला चिकटतो. त्यासाठी मध्ये पुठ्ठ्याची खिडकी ठेवायची. मागचा पुठ्ठा साधा घेतला तर तो कागदाला पिवळे करतो. आम्लरहित पुठ्ठा मिळतो, तो मागून घ्यावा. अंकाला तारेचे टाके असतात, त्यांचा गंज उतरतो. सुट्या पानात एखादा राहिला असेल तर काढून टाकावा.

चौथी, जागा. बाहेरच्या भिंतीला ओल येते. तिथे लावू नये. लावायचीच तर चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावावे, म्हणजे मागून वारा खेळतो. आणि ऊन लागू देऊ नये. उन्हाने तांबडा आणि पिवळा आधी उडतो, निळा मागे राहतो. दुकानाच्या दारावर जुने पोस्टर असते, त्यातली माणसे निळी पडलेली तुम्ही पाहिली असतील, तेच कारण. आमच्या पाचांपैकी एक तसबीर खिडकीसमोर होती. तिच्यातल्या मुलीच्या परकराचा लाल रंग तीन वर्षांत विटला. मंडळाच्या खोलीची पश्चिमेची खिडकी ध्यानात घेता, उत्तरेकडची भिंत मला बरी वाटते.

पाचवी गोष्ट विकण्याची, आणि इथे मला थोडे अप्रिय बोलावे लागते. ही चित्रे जुनी झाली म्हणून ती बेवारशी झाली, असे नाही. आपल्या देशात १९५७ चा कायदा आहे. त्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या चित्रावर हक्क राहतो. दलाल १९७१ साली गेले. तेव्हा २०३१ साल संपेपर्यंत त्यांच्या चित्रांवर हक्क आहे. मुळगावकर १९७६ साली गेले. म्हणजे २०३६ संपेपर्यंत. तो हक्क वारसांचा असेल नाहीतर प्रकाशकांचा. पण आपला नाही. त्यांना विचारल्यावाचून प्रती काढून विकणे म्हणजे दुसऱ्याच्या झाडाचे आंबे आपल्या टोपलीत घालून बाजारात बसणे. पत्र लिहावे, परवानगी मागावी. मिळाली तर आनंदाने विकावे. न विचारता घेतले की काय होते, ते मी एकदा पाहिले आहे.

निधीचे काय, असे आपल्या खजिनदारबाई विचारतील. त्यावर माझी एक सूचना आहे. आपल्या साऱ्या सभासदांच्या घरी, आणि शेजारीपाजारी, जे जुने अंक पुराच्या पाण्यातून वाचले असतील ते एक दिवस या खोलीत आणावे. टेबलावर स्वच्छ चादर अंथरून मांडावे. कापायचे नाहीत, चिकटवायचे नाहीत. संध्याकाळी ज्याचे त्याला परत. प्रत्येक अंकापुढे एक चिठ्ठी: मासिकाचे नाव, साल, चित्रकार, आणि हा अंक कोणाच्या घरी, कोणी आणला. दोन मुलींना मोबाईल घेऊन बसवावे. त्या आतले-बाहेरचे फोटो काढून ठेवतील. गाव बघायला येईल. बघायला आलेला माणूस चकली घेतल्याशिवाय जात नाही, हा आपल्या मंडळाचा आजवरचा अनुभव आहे. निधीची काळजी चकलीवर सोपवावी. भाजणीचे मी बघते.

शेवटी एवढेच. त्या पाचव्या तसबिरीमागे काय लिहिले आहे हे मी सासूबाईंना पुष्कळदा विचारले. आधी तीन वर्षे त्यांनी उत्तरच दिले नाही. पुरानंतर एके दिवशी म्हणाल्या, "मला पाठ आहे. तुला कशाला हवं?" आणि हसल्या. त्या पहिल्या रांगेतच बसल्या आहेत, ऐंशी उलटल्या तरी मंडळाची सभा चुकवीत नाहीत. सभा संपल्यावर त्यांना कोणी विचारू नये. मी विचारणे सोडून दिले आहे. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या क्षणभर त्या निरांजनवालीकडे बघतात. ती ओळ पुठ्ठ्याला चिकटली आहे, पण जिच्यासाठी लिहिली तिच्याजवळ ती आहे. उरलेल्या तीस मात्र कोणाजवळच नाहीत. सासूबाईंनाही आता आठवत नाहीत.

म्हणून घरी गेल्यावर आज एक करा. माळ्यावर, पलंगाखाली, कपाटाच्या वर जे काही जुने छापील असेल ते खाली काढा, उघडा, मागचे-पुढचे पाहा, फोटो काढा. आणि परत ठेवताना उंचावर ठेवा. सवडीने नको. या रविवारी.